राठ पान

"बुट्टी खाली ठेव," आई म्हणाली.

मी डोक्यावरची चहाच्या पानांची बुट्टी उतरवून वजनकाट्याशेजारच्या फळीवर ठेवली. आईनं कोपरापर्यंत हात पानात घातला, तळातलं मूठभर पान वर काढलं आणि डाव्या तळव्यावर पसरलं. चष्मा नाकावर खाली ओढून ती एकेक पान बोटानं बाजूला सारत गेली. मग मूठ उपडी करून सगळं बुट्टीत परत टाकलं.

"राठ हाय. परत ने."

मला वाटलं, गंमत करतेय. पण शेडवर आई कधी गंमत करत नसे.

"आई, अगं आज सकाळीच खुडलंय."

"सकाळी खुडलं काय आन् दुपारी खुडलं काय, राठ ते राठच. उचल, मागं बायका खोळंबल्यात."

माझ्या मागंच माझी सासू उभी होती, यल्लुबाई. तिच्याही डोक्यावर बुट्टी होती. ती पुढं सरून म्हणाली, "विहीणबाई, माझी तरी बघा की."

"एकाच शेतातलं पान हाय ते," आई तिच्याकडं न बघता म्हणाली. "त्यात काय बघायचं? ते बी परत न्या."

मग मागून कुणीतरी हळूच बोललं, "पोटच्या लेकीचं बी सोडलं न्हाई बाई हिनं." त्या आवाजात तक्रार नव्हती. गाभाऱ्यासमोर उभं राहून बोलावं, तसा तो आवाज होता. त्यानंतर आईनं आणखी काही जणींचं पान परत केलं. एरवी त्यांनी शेड डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी मात्र त्या एक शब्द न बोलता बुट्ट्या उचलून चालू लागल्या. खुद्द लेकीचं परत गेलं, तिथं आपलं काय, असं त्यांना वाटलं असणार.

वरच्या वाडीची वाट सासू माझ्या पुढं भरभर चढली. घरी पोचल्यावर तिनं दोन्ही बुट्ट्या उकिरड्यावर पालथ्या केल्या. खुडलेलं पान त्याच दिवशी सुकवणीच्या माचावर पडावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच उबेनं ते तांबडं पडतं. दुसऱ्या दिवशी द्यावं म्हटलं तर उपयोग नाही.

"नाचणी असती तर पेंढा तरी गुरांनी खाल्ला असता," सासू म्हणाली. "ह्या पाल्याला गुरं बी तोंड लावत न्हाईत."

ह्या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं होतील. आमचं गाव घाटमाथ्यावर, करंजसडा. खाली ओढ्याकाठी मूळ गाव, वर डोंगराच्या अंगाला आमची वाडी आणि त्याच्याही पलीकडं जंगलाला लागून धनगरवाडा. पाऊस एवढा की चार महिने चुलीतली लाकडं ओली. नाचणी, वरी आणि थोडा भात. गडीमाणूस म्हणावा तो गोव्यात नाहीतर बेळगावात. गावात म्हातारी, बायका आणि पोरं.

माझी आई, द्रुपदाबाई, मूळ गावात राहायची. मी तिची एकुलती एक. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं दुसऱ्याच्या शेतात राबून मला वाढवलं, सातवीपर्यंत शिकवलं. पुण्याहून एक संस्था आली आणि तिच्या माणसांनी गावात सभा घेतली, तेव्हा सगळ्यात पुढं माझी आई बसली होती. रेगे साहेब म्हणून गृहस्थ होते, मऊ बोलायचे, बायकांना ताई म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की इथली माती, इथला पाऊस चहाला मानवेल. एकेका घरानं डोंगराचा एक तुकडा चहाखाली आणला तर बारमाही नसली तरी वर्षातले सात-आठ महिने घरात कमाई येईल. रोपं संस्था देईल, शिकवायला माणसं देईल आणि पान घ्यायला इथंच छोटा कारखाना टाकेल.

"चहा आमी पितो साहेब," कुणीतरी म्हणालं, "पिकवतो कुठं?"

"मग शिकू," आई म्हणाली. सभेत ते तिथंच ठरलं म्हणायचं.

संस्थेनं आईला निलगिरीला नेलं. गावाबाहेर फारशी कधी न गेलेली बाई, आगगाडीनं गेली आणि परत आली ती हाताची बोटं नाचवतच. "दोन पानं आन् मधला कोंब. एवढंच. तिसऱ्या पानाला हात लावायचा न्हाई. आन् नखानं तोडायचं न्हाई, बोटाच्या पेरावर मोडायचं." तिनं आम्हाला हे माझ्याच हाताच्या बोटांवर शिकवलं. ओढ्याकाठी तिनं संस्थेची रोपवाटिका सांभाळली. माझं लग्न वैजूशी ठरलं, तेव्हा तिच्याकडं द्यायला भांडीकुंडी फार नव्हती. तिनं बैलगाडीभर रोपं वरच्या वाडीला पाठवली.

"सुनेबरोबर काय आलं, तर झाडंझुडपं," सासू तेव्हा हसून म्हणाली होती. पण तिनंच नाचणीचा डोंगरउतार मोकळा करून दिला. खड्डे वैजूनं मारले, रोपं मी लावली. उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी घागरीनं आणून घातलं. वैजू त्या वर्षी गोव्याला गेला नाही. पुढच्याही वर्षी गेला नाही. मला झाडं जगवायची होती ती एवढ्यासाठी. चहाच्या पानांत मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. सकाळी उठल्यावर नवरा अंगणात दात घासताना दिसायचा, हेच माझं पीक होतं.

आणि झाडं खरंच जगली. कमरेएवढी झाली, छाटून पसरट केली, पहिली खुडणी झाली. शेडवर पान पारखायला कोण, तर सगळ्यांनी एकमुखानं आईचं नाव घेतलं. रेगे साहेब म्हणाले, "द्रुपदाताई पारखतील ते शेवटचं. त्यात मीसुद्धा पडणार नाही." पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात, पाऊस सरून दसऱ्याच्या सुमाराला झुडपं अशी फुटली की डोंगर वरून कोवळा दिसायला लागला, आणि त्याच दिवसांत आईनं माझं पान परत करायला सुरुवात केली.

एकदा झालं असतं तर मी विसरले असते. पण ते होतच राहिलं. कधी म्हणायची राठ आहे, कधी म्हणायची दाबून भरलंय, गरम झालंय. मी बुट्टीऐवजी मोकळ्या धोतरात पान नेलं. मी खुडताना तोंडातल्या तोंडात मोजायला लागले, दोन पानं, कोंब, दोन पानं, कोंब. घरी उतरवून सासूसमोर एकेक बघितलं. सासू म्हणाली, "मला तर काय खोट दिसत न्हाई." तरी ते परत आलं.

आमच्या शेजारी तुळसा राहायची. हसरी, पण कामात चालढकल करणारी. मूठमूठ ओरबाडून खुडायची, त्यात तिसरं, चौथं पानही यायचं. तिचं बहुतेक वेळा चालून जायचं. एके दिवशी ओढ्याच्या वळणावर मी तिला थांबवलं.

"तुळसा, आज बुट्ट्या बदलू."

"का गं?"

"बदल म्हणते न्हवं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता बुट्टी दिली. रांगेत ती माझ्या पुढं होती. आईनं तुळसाच्या बुट्टीत हात घातला, म्हणजे माझ्या पानात. पान तळव्यावर घेतलं आणि तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं तो तळवा वर करून सगळ्यांना दाखवला.

"ह्याला म्हनायचं खुडणं. बघा. असं आणत जावा."

तुळसानं मान खाली घातली. तिचं पान वजनाला गेलं. मग मी पुढं झाले. माझ्या हातात तुळसाचं ओरबाडलेलं पान होतं. आईनं त्यात धड हातही घातला नाही.

"राठ हाय. परत ने."

त्या दिवशी मला कळलं की पानात काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं. पण काय, ते कळेना. मी आईशी कधी भांडले नव्हते. सासरचं काही तिच्या कानावर घातलं नव्हतं. घरी येऊन मी वैजूला सगळं सांगितलं, बुट्ट्यांचं पण सांगितलं. तो तसाच उठून खाली गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, जावई म्हणून आला असशील तर बस, च्या टाकते. पानाचं बोलायला आला असशील तर उद्या शेडवर ये, रांगेत."

"मग?"

"मग काय. आलो." वहाणा काढत तो म्हणाला, "तुझ्या आईला आमचं घर खुपतंय मालन. कशापायी, ते तुला ठाऊक."

"मला न्हाई ठाऊक."

"मग कुणाला ठाऊक?"

सासूनं आधी माझी बाजू घेतली होती. पण रोज उकिरड्यावर पान ओतायची वेळ आली, तशी ती बदलली. ती वाईट बाई नव्हती. तिनं आपला डोंगर दिला होता आणि गावात तिची नाचक्की होत होती. पाणवठ्यावर बायका तिला विचारायच्या, "काय वो, सुनेला अजून खुडायला येत न्हाई?" मग घरात माझ्या हातच्या भाकरीत खोट निघायला लागली. चुलीला ओलं लाकूड लावलं म्हणून बोलणी बसायची. संक्रांतीला मला माहेरी पाठवलं नाही. "ज्या दारात आपलं पान चालत न्हाई, त्या दारात आपली सून कशाला?" ती म्हणाली. मलाही जायचं नव्हतं.

तोवर रेगे साहेब धनगरवाड्यावर आणखी आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नवी रोपं वाटत होते. गाड्या यायच्या, फोटो काढले जायचे. कारखाना म्हणजे तीच पत्र्याची शेड, तेच सुकवणीचे माच, तेच पान मुरडायचं एक यंत्र. ते मला दिसत होतं, रोज दिसत होतं. पण बघणं वेगळं आणि त्याचा अर्थ लागणं वेगळं.

वैजूनं झाडं काढली ती होळीच्या आधी. मला आधी सांगितलं नाही. सकाळी पहार आणि कुदळ घेऊन निघाला, मला वाटलं बांध घालायला चाललाय. नंतर दणके ऐकू आले म्हणून मी धावत गेले. चहाचं मूळ खोल जातं. एकेका झुडपाला तो पहार घालून हलवत होता, घामानं निथळत होता. वरचं अर्धं शेत आडवं झालं होतं.

"अवो, थांबा. एक हंगाम थांबा."

"कशाला थांबू? तुझ्या आईला दया येईल म्हणून?"

"मी जाते तिच्याकडं. पाया पडते."

"पडू नकोस," तो म्हणाला. त्यानं पहार पुढच्या मुळात घातली. "कुणाच्या पाया पडून मला ही झाडं ठेवायची न्हाईत."

मी खाली बघितलं. आमच्या उतारावरून शेड दिसायची. शेडच्या दारात आई उभी होती. दणके तिथवर जात असणारच. ती बराच वेळ वर बघत उभी होती, मग आत गेली.

वैजू त्याच महिन्यात गोव्याला गेला. एका हॉटेलात लागला. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आमचा संसार पाहुण्यासारखा झाला. तो आला की दोन दिवस एकमेकांची ओळख होण्यात जायचे आणि ओळख पटतेय तोवर त्याची गाडी असायची.

त्याच उन्हाळ्यात संस्थेचा मोठा कार्यक्रम झाला. पुण्याहून पाहुणे आले, शाळेसमोर मांडव घातला. सगळ्या बायकांनी यायचं, असा निरोप होता. सासू म्हणाली, "जा. न गेलीस तर लोक म्हणतील आमी आडकाठी केली." मी मागच्या रांगेत, तुळसाशेजारी बसले. रेगे साहेब बोलायला उठले. चहाचं, बायकांचं, डोंगराचं बोलून झाल्यावर त्यांनी आईला पुढं बोलावलं.

"आपल्या कामाचा कणा म्हणजे ह्या द्रुपदाताई," ते पाहुण्यांना म्हणाले. "पान पारखताना त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. स्वतःच्या मुलीचं पान त्यांनी परत केलं, एकदा नव्हे, अख्खा हंगाम! म्हणून इथं आजवर पानावरून एकही भांडण झालेलं नाही. त्यांची मुलगीही इथंच बसली आहे. मालनताई, या, पुढं या. आईचा सत्कार तुमच्याच हातून होऊ दे."

टाळ्या सुरू झाल्या. तुळसानं माझा हात दाबला आणि सोडला. मी उठले. मांडवातून पुढं जाताना बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या, जणू मीही त्यात सामील होते. कुणीतरी माझ्या हातात शाल दिली, कुणीतरी नारळ. आई खुर्चीवर बसली होती. ती वाळली होती. तिच्या खांद्यावर शाल घालायला मी वाकले, तेव्हा माझं तोंड तिच्या कानापाशी आलं.

"माझं पान राठ नव्हतं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

टाळ्या चालूच होत्या. फोटोवाल्यानं "इकडे बघा" म्हटलं. आम्ही दोघींनी तिकडं बघितलं.

त्यानंतर मी आईशी बोलणं सोडलं. रागानं म्हणावं तर तसंही नाही. राठ होतं असं ती म्हणाली असती, तर मी तिच्याशी भांडले असते, रडले असते, कधीतरी मिटलंही असतं. पण ठाऊक असून केलं, ह्याच्यापुढं काय बोलायचं, ते मला सुचलं नाही. तिनंही निरोप धाडला नाही. बाजारात दिसली तर मी दुसऱ्या गल्लीनं जायचे.

आणखी दोन हंगाम गेले. शेडवरून परत येणाऱ्या बुट्ट्या वाढत गेल्या. आता आमच्याच नव्हे, सगळ्याच वाड्यांतल्या घराघरांच्या उकिरड्यावर तांबडं पडलेलं पान दिसायला लागलं. तरी लोक गप्प. द्रुपदाबाई चूक करायची नाही, आपल्याच हाताला वळण नाही, असं म्हणायचे. मग एका वर्षी शिमग्यानंतर रेगे साहेबांनी सभा घेऊन सांगितलं की प्रकल्पाची मुदत संपली, आता तुम्ही तुमच्या पायावर उभे आहात. महिन्याभरात यंत्र ट्रकात चढवून कुठं तरी दुसऱ्या जिल्ह्यात नेलं. शेडला कुलूप लागलं. झाडं राहिली. छाटायला कोण जातंय? ती वाढत गेली आणि त्यांत डुकरं राहायला लागली.

यंत्र गेल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी आई आमच्या दारात आली. लग्नानंतर प्रथमच ती वरच्या वाडीला चढून आली होती. धाप लागली होती. सासू अंगणात वरी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला आतून तांब्या आणायला सांगितलं. शत्रू जरी दारात आला तरी पाणी द्यायचं, एवढी रीत ती पाळायची.

आई पाणी प्याली आणि पायरीवरच बसली.

"मी सांगायला आले," ती म्हणाली. "दोघीबी ऐका."

"आता काय सांगायचं राहिलंय?" सासू म्हणाली.

"यंत्र लहान होतं." आई जमिनीकडं बघून बोलत होती. "दुसऱ्या हंगामात पान एवढं यायला लागलं की निम्मं बी त्यात जाईना. मी रेगे साहेबाला म्हटलं, मोठं यंत्र आणा, न्हाईतर बायकांना खरं सांगा. तो म्हणाला, खरं सांगितलं तर बायका झाडं काढतील, आन् झाडं काढली तर पुण्याची मदत बंद होईल, मग मोठं यंत्र कसलं यायचं? एवढा हंगाम काढा म्हणाला. जादाचं पान राठ म्हणून परत करा म्हणाला."

"आन् तू केलंस," मी म्हणाले.

"मी न्हाई म्हटलं. तर म्हणाला, मग मी माझा माणूस बसवतो. शेवटी येईल त्याचं परत. शेवटी कोण यायचं? धनगरवाड्याच्या बायका. दोन डोंगर उतरून यायच्या त्या. ती बायजा, पाठीला पोर बांधून यायची, घरात दुसरं मिळवतं माणूस न्हाई. तिचं परत करू? मग मी म्हटलं, मीच करते. आन् मग मी रांगेकडं बघत बसायची, आज कुणाचं करू. कुणाचंच करवेना. तुमचं घर खाऊनपिऊन बरं होतं. जावई धडधाकट, पान न्हाई गेलं तरी बाहेर जाऊन कमवील. आन् आधी तुझं परत केलं की मग ज्यांचं परत करावं लागे त्या बी गप बसत होत्या. तंटा होत नव्हता. आज ना उद्या मोठं यंत्र येईल, तोवर दिवस निघतील, असं मला वाटलं. तुमची झाडं गेली, मग सगळ्यांचंच परत करावं लागलं. तुळसाच्या बुट्टीत तुझं पान होतं, ते मी हात लावताच वळखलं. म्हणून दाखवलं सगळ्यांना. तेवढं तरी."

बाहेर जाऊन कमवील. ते शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिले. तिनं रांगेकडं बघत बसून हिशेब केला होता आणि त्या हिशेबात माझा नवरा गोव्याला जाणं आधीच धरलेलं होतं. मी झाडं कशासाठी जगवत होते, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बोलली ती माझी सासू. ती उठून उभी राहिली.

"द्रुपदा," ती म्हणाली. विहीणबाई म्हणाली नाही. "माझं पान परत केलंस, ते मी सोडून दिलं. माझा डोंगर गेला, त्याचं बी जाऊ दे. पण ही पोर... हिला मी काय काय बोलले, ठाऊक हाय तुला? सणासुदीला कोंडून ठेवली. उपाशी झोपली तरी विचारलं न्हाई. हिची चूक हाय असं समजून केलं मी. तू माझ्या हातनं तुझ्या लेकीला छळून घेतलंस."

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मला सांगायचं होतंस," सासू म्हणाली. "मी बी बाईच हाय. मी वतलं असतं पान, गुमान वतलं असतं, आन् हिला जवळ घेऊन बसले असते." एवढं बोलून ती आत निघून गेली. आतून तिचा हुंदका ऐकू आला. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं.

अंगणात आम्ही दोघीच राहिलो.

"मालन," आई म्हणाली, "तू माझी होतीस म्हणून केलं. आधी परक्याचं मी काढू शकत न्हवते."

"मला विचारलं का न्हाईस?"

"तू हो म्हणाली असतीस."

"व्हय, म्हणाली असते."

"मग?"

"म्हणूनच विचारायचं होतंस."

तिला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. ती पायरीवरून उठायला गेली आणि गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा बसली. मग दुसऱ्यांदा उठली. सासू आतूनच म्हणाली, "जा, तिला ओढ्यापलीकडं पोचवून ये. वळवाचं पाणी आलंय. वाहून गेली तर ते बी आपल्याच माथी."

मी मागं मागं चालत गेले. ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं आणि दगड शेवाळलेले होते. आई काठावर थांबली. मी पुढं झाले आणि तिचा हात धरला. तिची बोटं पेरांपाशी काळी पडून चिरली होती, खुडणाऱ्या सगळ्या बायकांची पडतात तशी. पाणी मांड्यांपर्यंत आलं. मधल्या दगडावर तिचा पाय सरकला, तेव्हा तिनं माझा हात घट्ट आवळला, मीही आवळला.

पलीकडच्या काठावर ती नीट उभी राहिली. मी हात सोडला आणि परत पाण्यात उतरले.